एका सीटला दोन केळुसकर

सोमवार, ६ जानेवारी

पास! पास! पास!

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेत विश्राम गोविंद केळुसकर, वय साठ, खोपट एसटी स्टँडचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, पास! आमच्या लेकीने, अंतराने, वर्तकनगरहून फोन करून सांगितलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या तोंडाला फेस तसाच घेऊन जिन्यात गेलो आणि चारही मजल्यांना ओरडून सांगितलं. पस्तीस वर्षं गाड्या पुकारलेला घसा, माईक लागत नाही. वरून साठ्येकाकूंना वाटलं आग लागली, त्या पर्स घेऊन खाली आल्या.

मंदाही पास झाली. त्याचं असं की फॉर्म मीच जोडीने भरलेले. परीक्षेच्या केंद्रात फक्त उमेदवारांना सोडतात, बाकीच्यांनी बाहेर उन्हात उभं राहायचं. माझं बीपी असं, त्यामुळे हिला बरोबर नेणं भाग. मग म्हटलं, बाहेर ताटकळण्यापेक्षा आत पंख्याखाली बसेल. एम.ए. आहेच ती, लग्नाआधीची, सावंतवाडीला केलेलं. आपल्याकडे पूजेला जोडीने बसतात, शुगर तपासायलाही जोडीने जातात, तसंच हे. मला बावन्न मार्क, तिला एकाहत्तर. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत असं होतं, क्लिक कुठेही पडतो.

आज श्रीखंड आणलं.

गुरुवार, ९ जानेवारी

आता गाईड. विद्यापीठाचं म्हणणं, पास झालात, छान झालं. आता ज्यांच्या हाताखाली संशोधन करायचं ते गाईड तुमचे तुम्हीच शोधा आणि फेब्रुवारी संपायच्या आत त्यांची संमती आणा. नाही आणलीत तर पास झालेलं पाण्यात. गाईडकडेही जागा ठरलेल्या, त्याला सगळे सीट म्हणतात. हे ऐकल्यावर मला फार बरं वाटलं. सीट मिळवून देण्यातच माझा जन्म गेलाय.

विषय तयार आहे: बसस्थानकांवरील उद्घोषणांची भाषा. असा विषय कोणाच्या बापाला सुचणार नाही!

खरं सांगायचं तर (ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो) मला हे हवंच आहे. दोन वर्षं झाली रिटायर होऊन. मी शब्द उच्चारला आणि शंभर माणसं पिशव्या उचलून उभी राहिली, असं दोन वर्षांत एकदाही झालेलं नाही. आता माझं फक्त दूधवाला ऐकतो, तोही अर्धवट. पहिलं वर्ष मी दुपारी नुसता गॅलरीत बसून असायचो. परीक्षेचा अभ्यास सुरू केला आणि माणसात आलो. ही सीट गेली तर पुन्हा त्या गॅलरीत जाऊन बसायला मी तयार नाही.

बुधवार, १५ जानेवारी

ठाण्याला डॉ. सलिल मुळगुंद यांच्याकडे गेलो. मोठं नाव. मंदा फाईल धरायला बरोबर. मी इस्त्रीचा शर्ट, हातात काल संक्रांतीचे केलेले तिळगूळ.

मुळगुंद सरांनी विषय वाचला आणि चष्मा काढला. म्हणाले, "ह्यात संशोधन काय करणार? उदाहरणार्थ, उद्घोषणेत 'कृपया' कधीपासून आलं, सांगू शकाल?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून आहे, सर."

मागच्या खुर्चीवरून मंदा म्हणाली, "नाही हो. लग्न झालं तेव्हा तुम्ही नुसतं ओरडायचात. 'कृपया' नंतर आलं. आणि ते आल्यावर लोक तुमचं ऐकेनासे झाले, असं तुम्हीच घरी येऊन म्हणायचात."

सर हसायला लागले. तिच्याकडे वळून बराच वेळ बोलत बसले. म्हणजे माझ्या विषयात त्यांना रस निर्माण झाला! पण सीट नाही. सगळ्या भरलेल्या. दारापर्यंत सोडायला आले, तिळगूळ चांगला झालाय म्हणाले. मंदाला म्हटलं, मधे बोलू नकोस, त्यांची लिंक तुटते. बरं म्हणाली.

रविवार, १९ जानेवारी

टिटवाळ्याला प्रा. धोंडीबा आवटे. गणपतीचं दर्शन आणि गाईड, एका तिकिटात दोन कामं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवून मी दारातच म्हटलं, "सर, सीट पाहिजे."

"आधी बसा तर," म्हणाले. बसलो. त्यांनी स्वतःच्या कविता काढल्या. साडेदहापासून जेवायच्या वेळेपर्यंत कविता! मी तीनदा डुलकी काढली आणि प्रत्येक वेळी 'वा' म्हणत जागा झालो. शेवटी आवटे सर म्हणाले, "मी दीड वर्षात निवृत्त होतोय, मला नवीन विद्यार्थी घेता येत नाही." अरे मग आधी सांगा ना, जळ्ळं मेलं!

(हे 'जळ्ळं मेलं' मंदाचं. कसं चिकटतं बघा तोंडाला.)

निघताना त्यांनी तिला विचारलं, कविता कशा वाटल्या. ती म्हणाली, "नदीवरच्या चांगल्या आहेत. आईवरच्या तुम्ही लोकांना रडवायला लिहिल्यात." मला वाटलं, आता हे आपल्याला जिन्यावरून ढकलतात. तर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "कल्याणला वल्लरी तेरेदेसाई आहे, माझी विद्यार्थिनी. तिच्याकडे एक सीट रिकामी झालीय. तिला जाऊन भेटा, दोघंही."

दोघंही! सभ्य माणूस.

मंगळवार, २८ जानेवारी

आज झाला तो प्रकार लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.

कल्याणला कॉलेजच्या फाटकापाशी रिक्षा थांबली. रिक्षावाला सुटे नाहीत म्हणून हुज्जत घालायला लागला आणि वर मंदाला म्हणाला, "चल ए म्हातारे, उतर." मी काही बोलणार इतक्यात मंदा उतरली, पदर खोचला आणि अस्सल मालवणीत सुटली:

"मेल्या, तुझी रिक्षा पुलार बंद पडांदे नि ढकलूक काळो कुत्रोसुदा गावंचो नाय तुका! घराक जाशीत तर भात करपलेलो गावांदे!"

रिक्षावाल्याला शब्द कळले नसतील पण सूर कळला. पैसे न घेताच पळाला. आणि मागे स्कूटरवर एक बाई हेल्मेट घालून उभ्या. हेल्मेट काढून म्हणाल्या, "हे काय म्हणालात, पुन्हा सांगाल?"

ह्याच डॉ. वल्लरी तेरेदेसाई. वय चाळिशीच्या आत, आमच्या अंतरापेक्षा थोड्या मोठ्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. केबिनमध्ये बसल्यावर मी विषय काढला, तर बाईंचा एक डोळा माझ्याकडे, एक मंदाकडे. मग म्हणाल्या, "काकू, हा भात करपण्याचा काय प्रकार?"

मंदा म्हणाली, "आमच्या आजीची शिवी. पुरुष भांडले की एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. आजीच्या शिवीत कधी बाई आली नाही. चूल यायची, वाट यायची, देवापुढचा दिवा यायचा. जे तिच्या रोजच्या हातातलं, त्याचीच शिवी. आणि शिवी तोंडावर द्यायची, शाप माणसाने पाठ फिरवल्यावर. तोंडावर शाप दिला तर देणाऱ्याला लागतो म्हणे."

बाई पेन उघडून बसल्या होत्या. काहीतरी लिहून घेतायत असं वाटलं. शेवटी म्हणाल्या, "एक सीट आहे. सहा तारखेला पुन्हा या. आणि काकूंना नक्की आणा."

नक्की आणा! म्हणजे आपलं जवळजवळ ठरलं. परत येताना स्टेशनजवळ मिसळ खाल्ली, मी दोन पाव जास्त घेतले.

रविवार, २ फेब्रुवारी

मंदाचं हळदीकुंकू. मी बेडरूममध्ये डांबलेला, पाण्याचा तांब्या आणि चिवडा देऊन. दरवर्षी बायका अर्ध्या तासात वाण घेऊन जातात. आज दोन तास हलायला तयार नाहीत! बाहेरून नुसता हसण्याचा गदारोळ. दार किलकिलं करून बघतो तर मंदा मधोमध बसलीय आणि साठ्येकाकू, ज्या एरवी लिफ्टमध्येसुद्धा स्तोत्र पुटपुटतात, त्या उभ्या राहून आपल्या सासूची शिवी साभिनय करून दाखवतायत: "तुझ्या तोंडाला मुंग्या लागोत, बोलताना नव्हे, गोड खाताना!" तिसऱ्या मजल्यावरची वऱ्हाडची सून डोळे पुसत म्हणते, आमच्याकडे याहून भारी आहे, थांबा. मंदा मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करतेय.

मी रात्री म्हटलं, "हे काय चाललंय?" म्हणाली, "सहज." मी म्हटलं, गाईडकडे जायच्या आठवड्यात असले उद्योग बरे नव्हेत. अंतराला फोनवर सांगितलं तर ती विचारते, "बाबा, तुम्ही आईला विचारलंत का?" काय विचारलं का? पोरगी अर्धवट बोलते आणि मग हसत सुटते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फत्ते!

मी पाऊण तास बोललो. 'गाडी लागली आहे' आणि 'गाडी सुटत आहे' यांतला भाव, गावांची नावं ओढून म्हणायची पद्धत, उशीर झालेल्या गाडीसाठी वापरायचा मऊ आवाज, सगळं करून दाखवलं. शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली, दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मन लावून ऐकलं आणि एक अक्षर लिहून घेतलं नाही. विषय इतका स्पष्ट की गरजच पडली नाही. मग त्या मंदाशी बोलल्या आणि तेव्हा मात्र पानंच्या पानं भरली. हळदीकुंकवाचं रेकॉर्डिंगही ऐकलं, टेबलावर डोकं ठेवून हसल्या. निघताना मंदाला दोन पुस्तकं वाचायला दिली. ह्याला म्हणतात माणुसकी, विद्यार्थ्याच्या घरच्यांनाही आपलंसं करायचं.

घरी येऊन तळमजल्यावरच्या बंटीला सांगितलं, आपलं नक्की झालं. बंटी वय बेचाळीस, सोसायटीचा सेक्रेटरी, स्टेशनरोडला फ्लेक्स छापण्याचं दुकान. त्याच्या कानात घातलं म्हणजे डोंबिवली पूर्वेला कळलं. संध्याकाळपर्यंत मला तीन जणांनी "काय डॉक्टर!" म्हणून हाक मारली. अंगावर मूठभर मांस चढलं. रात्री आंघोळ करताना मी गात होतो म्हणे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी बाईंचा फोन. मी उठून उभा राहून घेतला.

त्या म्हणाल्या, "काका, स्पष्ट बोलते. मला काकूंचा विषय घ्यायचाय. बायकांच्या तोंडच्या शिव्या आणि शाप. त्यांचीही परीक्षा पास आहे, मी बघितलंय. गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, तर त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. सीट ह्यांना द्या म्हणाल्या. तुमचा विषयही चांगला आहे. त्या नाहीच म्हणाल्या तर मी तुम्हाला घेईन. पण एकच सीट आहे. रविवारपर्यंत घरात बोलून मला सांगा."

मी "बरं" म्हटलं. 

मंदा शेंगा सोलत होती. मी तिला काही विचारलं नाही. फॉर्म मी भरला! तिचा फोटो मी चिकटवला! फाईल धरायला नेली तिला मी! डोकं नुसतं भणभणतंय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बीपी वाढलंय. लिहीत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

भांडलो. म्हणजे मी भांडलो, ती कुकर लावत होती.

मी म्हटलं, "तू नाही कशाला म्हणालीस? माझ्यावर उपकार करतेस?"

"उपकार कसले? तुम्हाला हवंय म्हणून."

"आणि तुला नकोय?"

 ती शिटीकडे बघत म्हणाली, "एम.ए. झाले तेव्हा सर म्हणाले होते, मंदाकिनी, पुढे कर, मी तुला घेतो. पण लग्न ठरलं होतं. आता सवय आहे मला. तुम्ही रिटायर झाल्यावर वर्षभर त्या गॅलरीत बसून असायचात, मला भीती वाटायची. आता तुम्ही गाता. मला ते पुरे."

हे सरांचं मला माहीतच नव्हतं. पस्तीस वर्षांत कधी बोलली नाही. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "विचारलंत कधी?"

मला वाईट वाटायला हवं होतं, पण आला तो राग. तिचा की माझा, ते कळेना. न जेवता झोपलो. मग उठून जेवलो, माशाची आमटी होती.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी नऊला बाईंना फोन लावला. तो मी माझ्यासाठीच लावला होता. खोटं का लिहू? रात्रभर मी स्वतःला समजावलं होतं की ती स्वतःच नाही म्हणतेय, मग आपण का सोडा, गेलेली सीट परत मिळत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक! वाक्यही पाठ केलं होतं: मॅडम, आमचं ठरलं, मी येतोय.

बाई म्हणाल्या, "बोला काका, काय ठरलं?"

मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून मंदाचा आवाज आला. मांजर शिरलं होतं. "तुझा तळपट होवो तो होवो! रात्रीच्या आमटीत तोंड घातलंस? जन्मभर वशाट दिसांदे नि तोंडात पडां नये तुझ्या!"

फोनवर बाई खो खो हसायला लागल्या. "थांबा, थांबा, एक मिनिट," कागदाचा आवाज आला, "मासळी दिसावी पण तोंडात पडू नये? मांजराला? अहो, केवढी सुंदर आहे ही!"

आणि मलाही हसू फुटलं. म्हणजे असं की पोट धरून खुर्चीत बसलो. पस्तीस वर्षं मी ह्या शिव्या खातोय, बरं का! चहा सांडला की, ओला टॉवेल गादीवर टाकला की. त्या किती देखण्या असतात ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं. ह्या बाईला फोनवरून कल्याणला ऐकू आलं. असलं डोकं मला सात जन्मात नाही. माझ्याकडे आवाज आहे, तो चांगला आहे, पण हे वेगळं आहे.

मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट."

तिच्या वतीने हो म्हणून टाकणार होतो, सवयच ती. पण जीभ चावली. आत गेलो. मांजर खिडकीतून गेलं होतं, मंदा पातेलं घासत होती. मी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "तुझा आहे. काय ते तूच बोल. माझ्याकडे बघून बोललीस तर मी आजपासून जेवणार नाही."

"अहो, पण तुमचं..."

"माझं मी बघीन. पुन्हा परीक्षा देईन. एवढ्या गाड्या चुकलेल्या लोकांना मी दुसऱ्या गाडीत बसवलंय, मला काही होत नाही."

तिने हात पदराला पुसले. माझ्याकडे पाठ केली. फोनमध्ये नुसतं "हॅलो, हॅलो" चाललेलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मी मंदाकिनी केळुसकर. मला करायचंय."

मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. रडलो थोडा. साठ्येकाकूंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं कांदा.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज समितीपुढे विषय मांडायचा होता. मंदाने जरीकाठाची साडी नेसली, फाईल मी धरली. ती आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर. पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो. आतून काही ऐकू येईना. समितीत सगळे बाप्ये होते, एक बाई सोडून. हिची बोबडी वळली असणार, असं वाटून मी रामरक्षा म्हणायला लागलो, ती मधेच विसरलो.

आणि एकदम आतून असं काही हसू फुटलं की शिपाई स्टुलावरून उठला. पुन्हा एकदा. मग दार उघडून मंदा आली, गाल लाल.

"काय झालं?"

"अध्यक्ष म्हणाले, एक उदाहरण द्या. मी दिलं. तर म्हणाले, ही मला आमच्या सौभाग्यवतींनी आजच सकाळी दिली."

"मग?"

"मंजूर."

मी तिथेच कॉरिडॉरमध्ये तिला मिठी मारली. कल्याणमध्ये, भरदिवसा, जरीच्या साडीत! "अहो, शोभतं का," म्हणाली, पण सुटायची काही घाई केली नाही. तेरेदेसाई बाईंनी माझ्या मोबाईलवर फोटो काढला, तो मी अंतराला पाठवला. अंतराचं उत्तर आलं: शेवटी विचारलंत वाटतं!

रविवार, २ मार्च

काल बंटी आला होता. "काका, तुमचा सुटातला फोटो द्या, फ्लेक्स करायचाय. सोसायटीतर्फे, नाक्यावर लावतो."

मी म्हटलं, "फोटो देतो, पण माझा नाही."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सगळ्या नाक्याला 'डॉक्टर' म्हणून मीच सांगितलं होतं ना! क्षणभर मलाही वाटलं, पुढचं वर्षभर लोक तोंड दाबून हसणार. हसू देत. अंतराच्या लग्नात मंदा कसल्याशा गोष्टीवर हसताना टिपलेला फोटो दिला. बंटीने विचारलं, "विषय छापू?" म्हटलं, ठळक छाप. "आणि काका, तुम्ही?" म्हटलं, खाली टाक कुठेतरी.

आज सकाळी नाक्यावर लागला. दहा फुटी. वर मंदा हसतेय, बाजूला 'सौ. मंदाकिनी केळुसकर यांची पीएच.डी. संशोधनासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', त्याखाली लाल अक्षरांत 'स्त्रियांच्या तोंडच्या शिव्या व शाप'. रिक्षावाले थांबून वाचतायत. एक आजोबा दोनदा वाचून निघून गेले आणि आजीला घेऊन परत आले. खाली 'शुभेच्छुक' म्हणून गोल गोल फोटोंची ओळ, बंटी, त्याचा भाऊ, कमिटीचे सगळे. त्यात पहिला मी.

मंदा म्हणते, लाजेने मला खाली उतरवत नाही, तुम्हीच बाजार करा. म्हणून कोथिंबीर आणायला नाक्यावर गेलो. परत आलो, पुन्हा गेलो. संध्याकाळपर्यंत घरात कोथिंबिरीच्या चार जुड्या झाल्यात आणि ती विचारतेय, ह्याचं आता करू काय?